हातापायांवरची सूज आणि वेदना: कारण एक की दोन?

माझ्या आईचे वय ५४ आहे. गेल्या अडीच महिन्यांपासून तिच्या हातापायांवर सूज येते आणि दुखते. आम्ही ही एकच तक्रार समजत होतो. पण पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवल्यावर हातांचे आणि पायांचे दुखणे वेगवेगळे वाटू लागले, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

हातांचा त्रास सकाळी असतो. उठल्यावर मूठ वळत नाही आणि बोटे मोकळी व्हायला तासभर तरी लागतो. सूज दोन्ही हातांवर सारखीच, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या सांध्यांवर आहे; नखांजवळच्या सांध्यांना काहीच झालेले नाही. झिजेच्या संधिवातात बहुधा हेच टोकाचे सांधे धरतात आणि आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, त्यामुळे मला आमवाताची, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची, शंका येते. आमवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्तचाचणी निगेटिव्ह आल्यावर घरच्यांनी तो विषयच मिटवला. परंतु आमवात असूनही ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक रक्तचाचणी) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी चाचणी) अजून केलेल्या नाहीत. त्रास सुरू होण्याआधी ताप आलेला नसल्यामुळे चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी नसावी.

पायांचे नेमके उलटे आहे. सकाळी घोटे जवळजवळ नेहमीसारखे असतात, संध्याकाळपर्यंत फुगतात आणि अंगठ्याने दाबल्यास खळगा पडतो. सांधा दुखत नाही, पाय जड होऊन ठणकतात. रक्तदाबासाठी ती अ‍ॅम्लोडिपिन घेते आणि तीन महिन्यांपूर्वी त्याची मात्रा ५ मिलिग्रॅमवरून १० केली आहे. या औषधाने घोट्यांवर सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की तिची शक्यताही वाढते. हे पटत असले तरी सगळा दोष गोळीवर टाकून मूत्रपिंड, हृदय किंवा यकृताकडे दुर्लक्ष होऊ नये, असे वाटते. क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ठीक आहेत, धाप लागत नाही. लघवीतील प्रथिने मात्र तपासलेली नाहीत.

युरिक अ‍ॅसिड किंचित वाढलेले दिसताच एका नातेवाइकांनी पथ्य सुरू करायला लावले. पण युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाउट हा संधिवात सहसा एखाद्याच सांध्याला, बहुधा पायाच्या अंगठ्याला, अचानक लालबुंद करतो. आईच्या बाबतीत तसे एकदाही झालेले नाही.

हातांसाठी थेट संधिवाततज्ज्ञांकडे जावे, की आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून पायांचा उलगडा करून घ्यावा? अ‍ॅम्लोडिपिन आम्ही स्वतःहून बंद करणार नाही. मात्र दुखणे वाढले की ती आयबुप्रोफेन घेते, आणि त्याने शरीरात पाणी साठते व रक्तदाबही वाढू शकतो. तोवर वेदनेसाठी काय घेणे सुरक्षित ठरेल, हेही डॉक्टरांना विचारायचे आहे. त्या वेळी आणखी कोणते रिपोर्ट जवळ असावेत?