चिठ्ठीशिवाय जनावराला अँटिबायोटिक : बंद व्हायला हवं की नको?

मांजराकाठ
दिवाळीनंतर शेजारच्या गोठ्यात एका एचएफ (होल्स्टिन जातीच्या) गाईला दगडी, म्हणजे कास सुजवणारा आजार, झाली. कास दगडासारखी, हात लावू देईना, एका सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि गुठळ्या. दुकानातून कुप्या आल्या, गाय कुणी तपासली नाही. घरच्याच पोरानं सकाळ-संध्याकाळ टोचलं, सडात औषधाची ट्यूब सोडली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि औषध थांबलं. उरलेली अर्धी कुपी खिडकीत ठेवलीय, पुढच्या जनावरासाठी. या सगळ्या दिवसांत बाकीच्या तीन सडांचं दूध रोज संकलन केंद्रावर जात होतं.

शेजारी कष्टाळू माणूस आहे. चूक त्याच्या एकट्याची नाही, म्हणूनच इथं लिहितोय.

अर्धवट डोस दिला की नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि पुढं पैदास चिवटांचीच होते. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल घेतानाच हे बजावलं होतं. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२.७ लाख माणसं दगावली. २०२४ मध्ये त्याच साप्ताहिकात पुढचा अंदाज आला : २०२५ ते २०५० या काळात ३.९ कोटी मृत्यू.

गोठ्यातला जंतू शेणातून, उकिरड्यातून, धार काढणाऱ्या हातातून घरात येतो. शिवाय औषध पचवायचा जनुक प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीच्या जंतूत जातो. गाईच्या आतड्यात निमूट राहणारा जंतूसुद्धा माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूला हा जनुक देऊ शकतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय जनावराचं अँटिबायोटिक मिळू नये आणि औषधाच्या दिवसांतलं दूध केंद्रावर जाऊ नये. नियम आहेतच, ते कडक पाळले जावेत. तुमचं मत मांडा, विरोधातलंही मांडा.

अहमदपूरकर
मी विरोधात आहे. कामून ते ऐका.

माझ्याकडं दोन एचएफ आणि एक देवणी (देशी जातीची) गाय. गेल्या पावसाळ्यात रात्री नऊला एका गाईची कास फुगली. डॉक्टरला फोन लावला, ते दुसऱ्या तालुक्यात अडकलेले. ते पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. दगडीत बारा-पंधरा तास गेले तर सड कायमचा आटू शकतो, हे गाय पाळणाऱ्या कुणालाही विचारा. घरात कुपी होती म्हणून मी टोचलं आणि सड वाचला. चिठ्ठीची वाट बघत बसलो असतो तर आज ती गाय बाजारात गेली असती.

आता दुधाचं. औषधानंतर किती दिवस दूध घालायचं नाही ती मुदत लेबलवर लिहिलेली नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे, असा कायदा आहे. बारा लिटरची गाय, दर ३० रुपये धरला तरी ७ दिवसांचे २,५२० रुपये ओतून द्यायचे. पेंडीचं पोतं उधारीवर आणणाऱ्यानं हे कुठून भरायचं? माणसासाठीच्या गोळ्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात, त्यावर धागा निघत नाही. गोठ्यावर लगेच निघतो.

भूमची खवेवाली
दादा, तुमचा तोटा मला कळतो. पण तुम्ही ओतत नाही ते दूध माझ्या कढईत येतं.

आमच्याकडं खव्याच्या भट्ट्या घरोघर. खवा आटतो, त्यात काही कळत नाही. पण घरच्यासाठी विरजण लावलं की कळतं. गेल्या उन्हाळ्यात सलग दोन दिवस दही लागलंच नाही. विरजण बदललं, भांडं बदललं, तरी सकाळी दूध जसंच्या तसं. शेवटी दूध घालणाऱ्या बाईनं सांगितलं, गाईला इंजेक्शन चालू आहे म्हणून. दुधातल्या औषधानं विरजणातले जंतू मारले होते. आणि नुसतं उकळून औषध जाईल म्हणावं तर बरीचशी अँटिबायोटिकं उकळूनही टिकतात. तेच दूध माझ्या नातवानं दोन दिवस प्यालं. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं असतं तर?

मी मांजराकाठ यांच्या बाजूनं आहे. निदान दुधापुरती तरी.

गोदावरीचा मोसंबीवाला
इथं सगळे गाईवरच बोलालेत. आमच्या बागांचं काय?

मोसंबी-लिंबावर खैऱ्या आला, डाळिंबावर तेल्या आला (दोन्ही जंतूंचे रोग) की पंपात स्ट्रेप्टोसायक्लिन पडतं. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे १९४३ साली सापडलेलं आणि टीबीवर पहिल्यांदा लागू पडलेलं औषध. ते आपण पानावर मारतो, निम्मं जमिनीवर गळतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतून ते काढून टाकण्याचा मसुदा आणला. मी स्वतः पाच वर्षं फवारलंय. तेल्या हटला का? पाऊस आणि दमट हवा आली की पुन्हा हजर. रोगट फांद्या छाटणं, बहार (फळं धरायचा हंगाम) बदलणं आणि स्वच्छ कलमं यांनीच मला फरक पडला.

बंदीच्या बाजूनं एक मत माझं धरा, पण ती बागेलाही लावा.

सरकीपेंड
दुधाच्या भीतीला आकड्यांचा आधार किती, ते बघू. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली देशभर दुधाची पाहणी केली. ६,४३२ नमुने घेतले. मर्यादेपेक्षा जास्त अँटिबायोटिक सापडलं ७७ नमुन्यांत. म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. अफ्लाटॉक्सिन मात्र ३६८ नमुन्यांत निघालं, पाच टक्क्यांच्या वर.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. ओल लागलेली सरकी पेंड, बुरशी आलेला मका गाईनं खाल्ला की ते दुधात उतरतं, उकळून जात नाही आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. आपल्याकडं परतीच्या पावसात भिजलेली पेंड "जनावरालाच घालायची" म्हणून स्वस्तात विकली जाते. मी गावातच बघतो. दुधाची काळजी करायची तर पहिला हात पेंडीच्या पोत्याला घाला. शेतकऱ्याच्या हातातली कुपी हिसकावून घेणं हे त्यामानानं फार पुढचं काम आहे.

मांजराकाठ
सरकीपेंड, पेंडीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन. पण ७७ नमुन्यांवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ती पाहणी दुधात उरलेलं औषध मोजते. चिवट झालेला जंतू मोजत नाही. औषध चार-आठ दिवसांत दुधातून जाईल, पण शेणात गेलेला जंतू शेतात राहतो.

चीनचं उदाहरण देतो. तिथं डुकरांच्या खाद्यात वजन वाढावं म्हणून कोलिस्टिन मिसळत. माणसावर बाकी सगळी औषधं हरली की शेवटी देतात ते हे औषध. २०१५ साली त्याला निकामी करणारा एमसीआर-१ नावाचा जनुक प्लाझमिडवर सापडला, डुकरांतही आणि दवाखान्यातल्या माणसांतही. २०१७ मध्ये चीननं खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. त्याचं उत्पादन सुमारे २७ हजार टनांवरून अडीच हजार टनांवर आलं आणि २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात माणसांमध्ये तो जनुक बाळगणारं प्रमाण निम्म्याहून खाली गेलेलं दिसलं. भारतानंही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. बंदीनं फरक पडतो, तो मोजता येतो.

अहमदपूरकर
चीनमध्ये हजारो डुकरांच्या खाद्यात रोज औषध मिसळत होते, तेही जनावर आजारी नसताना. माझ्या गाईला दगडी झाली म्हणून मी पाच दिवस टोचलं. या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नका. खाद्यातलं औषध बंद करा म्हणाल तर मी तुमच्यासोबत सही करतो. आजारी जनावराच्या औषधात आडकाठी आणाल तर नाही.

आणि बंदीचा दुसरा अनुभवही बघा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मरत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. झालं काय? माणसासाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येऊ लागल्या. शेवटी २०१५ मध्ये माणसाची कुपीच ३ मिलीची करावी लागली. दुसरं औषध हातात न देता पहिलं काढून घेतलं की माणूस आडवाट शोधतोच.

बिंदुसरेकाठची शिक्षिका
गिधाडांचा विषय निघालाच आहे तर त्यातलं पुढचंही सांगते. २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला. गिधाडं गेल्यावर मेलेली जनावरं कुजत पडली, मोकाट कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. त्यांच्या हिशेबानं २००० ते २००५ या काळात भारतात त्यामुळे सुमारे ५ लाख जादा माणसं गेली. गोठ्यात टोचलेल्या एका स्वस्त इंजेक्शनचं हे फळ. म्हणून "माझी गाय, माझी कुपी" एवढ्यावर मला थांबता येत नाही. लहानपणी गावाबाहेर गिधाडांचे थवे मी पाहिलेत. आता वर्गात मुलांना चित्र दाखवावं लागतं.

चिकलठाणा
एवढं घाबरायचं कारण नाही, नवी औषधं येतायत. आमच्या छत्रपती संभाजीनगरात वोखार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. त्याच कंपनीचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिलं स्वदेशी अँटिबायोटिक म्हणून केंद्र सरकारनं जाहीर केलं. न्यूमोनियावर दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस. मराठवाड्याला अभिमान वाटावा असं काम आहे.

तेरणाकाठचा पशुवैद्य
अभिमान मलाही आहे. पण त्या एका औषधाला १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये लागले. जंतूला चिवट व्हायला इतका वेळ लागत नाही. नवं औषध आलं म्हणून जुनं उधळायचं, हे परवडणारं नाही.

आता मूळ विषय. वीस वर्षं गोठ्यात गेली, दोन्ही बाजू रोज बघतो. अहमदपूरकर म्हणतात ते खरं आहे, आम्ही माणसं कमी आहोत आणि गावं जास्त. पण त्यांच्या खिडकीतली कुपी दर वेळी बरोबर निघेल असं नाही. दगडी कधी स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूनं होते, कधी ई. कोलाय या जंतूनं, कधी बुरशीनं. बुरशीच्या दगडीवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, उलट ती बळावते. ई. कोलायच्या सौम्य दगडीत बऱ्याच गाई स्वतःच्या ताकदीवर सावरतात, तिथं कास वारंवार पिळून मोकळी करणं मोलाचं. तीनही गाईंची कास बाहेरून सारखीच सुजलेली दिसते. म्हणून दुधाचा नमुना तपासावा लागतो.

युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावराला सरसकट प्रतिबंधक अँटिबायोटिक देणं बंद केलं. पूर्वी तिकडं गाय आटवताना (पुढच्या विण्याआधी दूध बंद करताना) चारही सडांत ट्यूब भरायचीच, अशी पद्धत होती. आता दूध तपासून ज्या गाईला संसर्ग आहे तिलाच भरतात. मात्र तिथं प्रयोगशाळा हाताशी आहे. आपल्याकडं निव्वळ दुकानदाराला दंड लावून हे होणार नाही.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड, हळद आणि चुना वाटून कासेला लेप लावायला सांगतं. सुरुवातीच्या दगडीत मी तो लावायला सांगतो, सूज उतरलेली पाहिलीय. पण ताप आलेल्या, खाणं सोडलेल्या गाईला लेपावर ठेवू नका. तिला डॉक्टर आणि औषधच लागतं.

आणि धार काढून झाल्यावर गाईपुढं वैरण टाका, अर्धा तास बसू देऊ नका. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. यानं दगडी कमी होईल, असं माझं मत आहे.

भूमची खवेवाली
डॉक्टरसाहेब, वैरणीचं आमच्या आजी सांगायच्या. कारण आज कळलं.

मांजराकाठ
डॉक्टरांचं वाचून माझं एक म्हणणं बदलतो. रात्री नऊला कास फुगली तर चिठ्ठीची सक्ती करू नये. डॉक्टरांनी फोनवर सांगावं, दुसऱ्या दिवशी येऊन गाय बघावी आणि नोंद करावी. पण दुधाबद्दल मी जागचा हलणार नाही. केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) रोज मोजतात, कारण त्यावर पैसे कापता येतात. अँटिबायोटिक ओळखणाऱ्या पट्ट्या असतात, काही मिनिटांत निकाल देतात. त्या केंद्रावर का नाहीत?

अहमदपूरकर
पट्टी आणा, हरकत नाही. पण पट्टीवर दूध नापास झालं तर डेअरी माझं कॅन परत पाठवणार आणि तोटा पुन्हा माझाच. पट्टी आली त्या दिवशी औषधाच्या दिवसांचा निम्मा दर डेअरीनं द्यावा किंवा विम्यात ते दिवस धरावेत. मग मी स्वतः सांगेन, आज माझं दूध घेऊ नका म्हणून. लपवायचं कारणच राहणार नाही.

डॉक्टरसाहेब, एक विचारतो. माझी देवणी पुढच्या आठवड्यात आटवायची आहे. मागच्या वेतात तिच्या एका सडाला दगडी झाली होती. आता दूध साफ दिसतंय. ट्यूब भरायची का नाही?

तेरणाकाठचा पशुवैद्य
आधी नमुना. सकाळी धारेच्या वेळी सड धुऊन कोरडा करा, पहिल्या तीन-चार धारा बाजूला सोडा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. प्रत्येक सडाची वेगळी बाटली, उकळून वाळवलेली, आडवी धरून भरा म्हणजे वरून शेणाचा कण पडत नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. नमुन्याआधी कुठलंही औषध देऊ नका. त्या सडात जंतू निघाला तर कोणतं औषध लागू पडतं तेही अहवालात येईल, मग भरू.

अहमदपूरकर
सोमवारी नेतो. निकाल येईपर्यंत ट्यूब भरत नाही. पण २,५२० रुपये कोण देणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ते धाग्यावर उघडं राहू द्या.