अनुभव धागा: इटलीच्या टाचेवर, बेताच्या खर्चात

मोरपंखी

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. लिहिताना मध्ये 'ग' असतो, बोलताना तो गिळायचा. नवरा मात्र हट्टानं 'पुग्लिया'च म्हणतो. येत्या मे महिन्यात मी, तो आणि माझी आई असे तिघं जायचं म्हणतोय. विमान आणि व्हिसा वेगळा धरलाय (शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी आता मोठ्या माणसाला ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार). बाकी दहा दिवसांना तिघांत मिळून दीड लाख. युरो शंभराला धरला तर रोजचे दीडशे.

आई ६८ वर्षांची. सपाटीवर माझ्यापुढे चालते, पण जिने आले की गुडघा बोलायला लागतो. पक्की शाकाहारी, अंडंही नाही.

'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' नकोयत, ती कुठेही मिळतात. पैसे कुठे वाया गेले, कुठे उगाच घाबरलात, काय फसलं, ते लिहा. फोटो नसले तरी चालतील, हिशोब टाका.

तळ्यातमळ्यात

मुक्काम श्टुटगार्ट, त्यामुळे पुलियाला दोनदा जाणं झालं. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो, तीच पहिली चूक. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तोची सुट्टी असते. तिच्या आगेमागे अख्खा देश समुद्रावर येऊन पडतो. त्या आठवड्यात मोनोपोलीत ज्या खोलीचे १६० युरो मोजले, तीच खोली दोन वर्षांनी एप्रिलअखेरीस ७० ला मिळाली. तोच मालक, तीच करकरणारी खिडकी.

दुसरी चूक म्हणजे दहा दिवसांत सहा मुक्काम. प्रत्येक गावात मुक्कामाचा कर वेगळा आणि बहुतेक ठिकाणी रोख. त्यात खोली सकाळी दहाला सोडायची आणि पुढची तीनला मिळणार. दुपारी एक ते साडेचार-पाच दुकानं बंद. तेवढा वेळ आम्ही बॅगांवर बसून महागडी आइस्क्रीमं खाल्ली. तो खर्च मी कुठल्याही रकान्यात लिहिला नव्हता.

दुसऱ्या खेपेला दोनच तळ केले: मोनोपोलीत पाच रात्री, लेच्चेत चार. बारी, पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तुनी, ब्रिंदिझी, लेच्चे अशी एकच रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते. आपली लोकल समजा, फक्त बसायला जागा असते. 'रेजिओनाले' गाडीचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढलं काय आणि निघताना काढलं काय, तेवढंच. बारी ते पोलिन्यानो तीन-चार युरो. लवकर काढायचं ते फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचं, म्हणजे रोमहून बारीला येणार असाल तर (साधारण चार तास). रेजिओनालेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, फोनवरचं असेल तर चेक-इन दाबा. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड.

आईंसाठी एक: ओस्तुनीचं स्टेशन खाली आणि पांढरं गाव दूर टेकडीवर आहे. मध्ये बस आहे. 'दिसतंय की समोर, चालू या' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खमंग

मोरपंखी, आईंच्या जेवणाची काळजी सोड, फक्त दोन-चार खाचाखोचा लक्षात ठेव.

बारीच्या जुन्या गावात आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. दारात पाट मांडून बायका ओरेक्किएत्ते वळत बसलेल्या असतात. त्याचा अर्थ 'छोटे कान'. ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, अंडं नाही. कणकेची करंगळीएवढी वळी, तिचा हरभऱ्याएवढा तुकडा, आणि तो सुरीच्या बोथट पात्यानं पाटावर ओढायचा. ओढताना तो आपोआप गुंडाळतो. मग अंगठ्याच्या टोकावर घेऊन उलटा करायचा, झाला कान. माझ्या सासूबाई दोन मिनिटं उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, या तर नखुल्या!" त्यांच्या लग्नात रुखवतावर गव्हले, मालत्या, नखुल्या सगळं घरचं होतं, हे मी तीस वेळा ऐकलंय. पाटावरच्या बाईंना मराठी कळायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी पाट थोडा सरकवला. सासूबाईंच्या पहिल्या तीन बिघडल्या. चौथी बाईंनी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि जाळीवर वाळत घातलेल्या स्वतःच्या ढिगात टाकून दिली. त्या दिवशी सासूबाईंचा गुडघा दुखला नाही.

आता खाचा. ओरेक्किएत्ते तिथे 'चिमे दी रापा' नावाच्या कडसर पाल्याबरोबर करतात, आणि त्यात बऱ्याचदा अँकोव्ही, म्हणजे छोटी मासळी, तेलात विरघळवलेली असते. डोळ्यांना दिसत नाही. नुसतं 'सेन्झा कार्ने' म्हणालीस तर मासा येणारच, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मटण नव्हे. 'सेन्झा अच्चूगे' पाठ करून जा. 'फावे ए चिकोरिया' मात्र डोळे मिटून मागव: सुक्या बाकल्याच्या दाण्यांची घोटलेली पेज, वर उकडलेला कडू पाला आणि कच्चं ऑलिव्ह तेल. गरिबाघरचं जेवण. पिठलं-भाकरी आवडणाऱ्या माणसाला परकं वाटत नाही. लेच्चेचा 'पास्तिचोत्तो' आईंना नको. आत अंड्याचं कस्टर्ड, आणि पारंपरिक पद्धतीत पारीला डुकराची चरबी लावतात.

हिशोब: दुपारी बेकरीतून फोकाच्चा, टोमॅटो-ऑलिव्हवाली. तिघांचं पोट आठ-नऊ युरोत भरतं. ताराली पिशवीभर घेऊन ठेव. आमच्या घरी त्यांना आता कडबोळीच म्हणतात: आधी उकळत्या पाण्यातून काढायच्या, मग भाजायच्या, बडीशेपेच्या सर्वांत छान. रात्री एकदाच बसून जेवायचं. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, माणशी एक ते तीन युरो. ती फसवणूक नाही, बसण्याचे आणि पावाचे पैसे आहेत. आम्ही पहिल्या रात्री उगाच भांडलो.

फिरस्ता

कॉफी उभ्यानं प्या. काउंटरवर सव्वा युरो, तीच बसून मागितली की चौकातल्या खुर्चीचं भाडं लागतं. बाकी वाचतोय.

मीठभाकर

समुद्राचं कुणी लिहिलं नाही म्हणून. 'लिदो' लिहिलेलं असेल तिथे छत्री-खुर्चीचे पैसे, आणि मोसमात ते बरेच असतात. 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे फुकट, आपली चटई आपण न्यायची. मोनोपोलीत काला पोर्ता वेक्किया तर जुन्या गावाच्या तटाला लागूनच आहे. पोलिन्यानोचा सुप्रसिद्ध किनारा फुकट आहे, पण गोट्यांचा, अनवाणी चालवत नाही. बारी शहराच्या फुकट चौपाटीचं नाव चक्क 'पाने ए पोमोदोरो', पाव आणि टोमॅटो. नावावर जाऊन आम्ही उपाशी गेलो, मुलांनी रडून घेतलं.

गाडीवान

इथे सगळे रेल्वेवाले दिसतायत. चौघांचं कुटुंब असेल तर मी उलट सांगेन. दहाही दिवस गाडी नको, पण दक्षिणेच्या सालेंतो भागासाठी तीन दिवस घ्याच. ओत्रांतोहून लेउकापर्यंतचा कड्याकाठचा रस्ता रेल्वेतून दिसत नाही. पुंता पालाशाला इटलीची पूर्व संपते. बसेस उन्हाळ्यात बऱ्या असतात, मे मध्ये भरवसा नाही. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट पुढे केलं तर काउंटरवरचा चेहरा बदलतो.

आता माझी फजिती. जुन्या गावांच्या तोंडाशी 'झेड-टी-एल'ची पाटी असते: ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी. कुणी अडवत नाही, शिट्टी नाही, वर फक्त कॅमेरा. मी नकाशा सांगेल तसा एकदा आत गेलो, चुकलो म्हणून बाहेर आलो आणि पुन्हा त्याच पाटीखालून आत गेलो. चार महिन्यांनी ठाण्याच्या घरी आधी गाडीवाल्यांकडून 'तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचा आकार' आला, मग गावाकडून दंड. दोन वेळा आत, म्हणून सगळं दोनदा. तीन दिवसांच्या भाड्याहून ती रक्कम जास्त होती. गाडी गावाबाहेर लावायची आणि चालायचं. पांढरे पट्टे फुकट, निळे पैशांचे, पिवळे रहिवासी वगैरेंचे.

ओत्रांतोच्या कॅथीड्रलमध्ये जमीनभर बाराव्या शतकातलं मोझेइक आहे, ११६३ ते ११६५ या काळातलं. एक भलंमोठं झाड, आणि त्याचं खोड पेलून उभे दोन हत्ती. करणाऱ्यानं हत्ती पाहिला नसावा असं माझ्या धाकटीचं ठाम मत.

आणि ऑलिव्हचं सांगायचं राहिलं. फोटोतली हिरवी बनं डोक्यात ठेवून लेच्चेच्या खाली गेलो, तर मैलोन्मैल करडे सांगाडे. २०१३ मध्ये गाल्लीपोलीच्या बाजूला झायलेला नावाचा जीवाणू सापडला, आणि तेव्हापासून लाखो झाडं वाळली. शेकडो वर्षांची खोडं, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. कोकणात फयान वादळ झाल्यावर आमच्या बागेत जशी शांतता होती, तशी तिथे. गाडीत कुणी बोललं नाही.

रविवारची_मरगळ

माझं नाव वाचूनच कळलं असेल. अल्बेरोबेल्लोला रविवारी गेले. ट्रुल्ली म्हणजे शंकूच्या छपरांची दगडी घरं, चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड. सांगतात ते असं, की नवी वस्ती केली की नेपल्सच्या राजाला कर भरावा लागायचा. म्हणून तिथल्या सरदारानं रयतेला अशी घरं बांधायला लावली, की तपासनीस येतोय कळलं की पाडून मोकळं. बघायला पैसे लागत नाहीत. काही दुकानदार 'वर गच्चीवरून बघा, फुकट' म्हणून बोलावतात. उतरताना दार दुकानातूनच असतं.

परतीला स्टेशनवर आले तर शुकशुकाट. आतल्या गावांना जाणारी ही वेगळी रेल्वे, किनाऱ्याची नव्हे. रविवारी गाड्या नाहीत, बदली बस, आणि तिचा थांबा कुठे हे सांगणारं कुणी नाही. बाकावर एक पंजाबी मुलगा होता, शेतावर कामाला. त्यानं थांबा दाखवला आणि वर माझ्या नियोजनाला हसला. शेवटी बारीला पोचायला रात्र झाली. तेव्हा आतली गावं सोमवार ते शनिवार, रविवार किनाऱ्याला.

मातेराला (ते खरं तर शेजारच्या बाझिलिकातात, पण बारीहून सोपं) तिसरीच रेल्वे जाते. स्टेशनही मुख्य स्टेशनला लागून, पण वेगळं. अल्तामुराला गाडीचे दोन तुकडे होतात, निम्मे डबे मातेराला आणि निम्मे ग्राविनाला. मी चुकीच्या डब्यात निवांत ताराली खात होते. समोरच्या आजींनी माझ्या तिकिटाकडे बोट करून मला अक्षरशः दंडाला धरून उतरवलं.

जुनी_पानं

ब्रिंदिझीला लोक फक्त विमानतळासाठी जातात. मी मुद्दाम अर्धा दिवस ठेवला. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईला येणारं टपाल रेल्वेनं इथवर यायचं आणि इथून बोटीत चढायचं. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी इथूनच 'पिल्स्ना' बोटीत बसले, डिसेंबर १९३१. २८ तारखेला मुंबईत उतरले. धक्क्यावर बसायला काही लागत नाही. जवळच जिन्यावर रोमन खांब उभा आहे. त्याच्या जोडीदाराचा नुसता पाया उरलाय, बाकीचा लेच्चेला नेऊन त्यावर संत उभा केला.

तारांतोला मी गेलो ते आजोबांमुळे. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांची तुकडी आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये तिथल्या बंदरात उतरली. आजोबा गावाचं नाव 'तरंटो' म्हणायचे आणि एवढंच सांगायचे, की तिथली द्राक्षं गोड होती आणि पुढे चिखल फार लागला. मी बंदराजवळ अर्धा किलो द्राक्षं घेतली. सप्टेंबरच होता.

खर्चाचा सल्ला एकच: बारी-ब्रिंदिझीहून ग्रीस-अल्बानियाच्या बोटी स्वस्त दिसतात, मोह होतो. ग्रीस ठीक. अल्बानिया शेंगेनमध्ये नाही, व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत इटलीत येता येणार नाही.

मोरपंखी

सगळ्यांचे आभार, काल रात्री आईला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ठरलं ते असं: मोनोपोली पाच, लेच्चे चार, शेवटची रात्र बारी. गाडी नाही. (गाडीवान, तुमचं पत्र वाचून नवऱ्यानंच माघार घेतली.) तिघांची खोली ८० च्या आत बघतोय, जेवण ४५, प्रवास १५, उरलेले दहा रोज बाजूला. रविवार एकच येतो, तो पोलिन्यानोला.

पाण्याचं मीच शोधलं: नळाचं चालतं, आणि गावोगाव रस्त्यावर ओतीव लोखंडाचे नळ आहेत. पुलियात नद्या जवळजवळ नाहीतच, म्हणून डोंगरापलीकडच्या सेले नदीचं पाणी बोगद्यातून आणलं. १९१५ मध्ये बारीला पहिला नळ वाहिला. रिकाम्या बाटल्या घेऊन जाणार, म्हणजे तोही खर्च गेला.

खमंग, आईचा तुला एक प्रश्न आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती फोन खाली ठेवू देत नाहीये: उघड्या गल्लीत नखुल्या वाळत घालतात, तर त्यावर कावळे नाही का बसत?

खमंग

कबुतरं येतात. शेजारच्या दारातली आजी हातात फडकं घेऊन त्याच कामाला बसलेली असते. आईंना सांग, ती जागा रिकामी झाली तर कळवते.