रक्तदाबाच्या पथ्यात खिम्याची चव कशी राखावी?

मिरजकर: आमच्या घरी आठवड्यातून एकदा खिमा होतो. राज्यात 2015 पासून गाय-बैलांच्या मांसावर बंदी असल्याने तो म्हशीच्या मांसाचा असतो. गेल्या महिन्यात अब्बांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ व तेल निम्म्यावर आणण्यास सांगितले. त्याप्रमाणे दोनदा करून पाहिले, परंतु खिमा पचपचीत, उकडल्यासारखा आणि उग्र वासाचा झाला. अब्बांनी काही न बोलता ताट बाजूला सारले, याचे मला फार वाईट वाटले. मी हळद, आले-लसूण आणि घरची कांदा-लसूण चटणी एवढेच घालते. मसाल्यांनी चव परत आणता येईल का, आणि त्यांतले कोणते प्रकृतीलाही खरोखर उपयोगी आहेत?

कोयनाकाठ, कराड: ताई, तुमच्या वर्णनावरून मसाला कमी पडलेला नसून खिमा भाजलाच जात नाही, असे वाटते. खिमा भरपूर पाणी सोडतो आणि कढई गच्च भरली की त्याच पाण्यात शिजत राहतो. लोखंडी कढई चांगली तापवून, तेल न घालता, अर्धा किलो खिमा दोन वेळा विभागून पसरावा आणि सुटलेले पाणी आटून तळाला तांबूस रंग येईपर्यंत परतावा. मग तो बाजूला काढून, कढईत सुटलेल्या चरबीपैकी चमचाभरच ठेवावी आणि तिच्यात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र, थोडे दगडफूल व आठ-दहा मिऱ्यांची भरड परतून त्यावर कांदा, आले-लसूण, हळद आणि ताजे भाजून कुटलेले धणे घालावेत. मसाल्यांचा सुगंध मुख्यतः स्निग्ध पदार्थात उतरतो. रश्श्यात वरून टाकलेला मसाला म्हणूनच फिका लागतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. आपल्याकडची चटणी वर्षभर टिकावी म्हणून कुटतानाच तिच्यात मीठ घातलेले असते आणि कांदा-खोबरेही तेलात तळलेले असते, त्यामुळे वरचे मीठ कमी केले तरी तीन चमचे चटणीबरोबर ते पुन्हा पोटात जातेच. चटणी अर्धा चमचाच घ्या, रंगासाठी ब्याडगीची पूड वापरा आणि उतरवताना लिंबू पिळा. आंबटपणामुळे मिठाची उणीव कमी जाणवते.

हरिपूरवाला: घरचा व्यवसाय हळदीचा असल्याने तिच्याविषयी लिहितो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही खिम्यातल्या पाव चमचा हळदीने रक्तदाब उतरेल, असे मी कुणालाही सांगणार नाही. तिच्यातले कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि मिऱ्यातल्या पायपरीनमुळे ते शरीरात अधिक शोषले जाते. म्हणून वरच्या कृतीत हळद व मिरे चरबीतच परतले जातात, हे योग्यच आहे.

मांस शिजताना त्यातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण होऊन मॅलोनडायअल्डिहाइड हा अपायकारक पदार्थ तयार होतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीफच्या खिम्यात लवंग, दालचिनी, मिरे, आले, लसूण आदी मसाले मिसळून टिक्क्या भाजल्या, तेव्हा त्यांतले या पदार्थाचे प्रमाण 71 टक्क्यांनी घटले. अभ्यास लहान होता; परंतु मसाला शिजवतानाच मांसाशी एकजीव व्हावा, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

आहारशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा: अब्बांसाठी खिमा चरबी काढलेल्या मांसाचा आणि डोळ्यांसमोर दळून घ्यावा. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून तो आतूनही किमान 71 अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवा. मसाला कितीही तिखट असला तरी हे टळत नाही. अर्धा किलोऐवजी पाव किलो खिमा घेऊन त्यात भिजवून उकडलेली हरभरा डाळ आणि मूठभर मेथी घालून पाहा. मांस निम्मे होते, तंतूही मिळतात आणि मेथीचा कडवटपणा उग्र वासाला झाकतो.

मिरजकर: आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. चटणीतल्या मिठाचा विचार मी केलाच नव्हता. आज कराडच्या ताईंच्या पद्धतीने, मेथी घालून, वेगळे मीठ न टाकता खिमा केला. अब्बांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि लिंबाची आणखी एक फोड मागितली. आता बिनमिठाची चटणी महिन्यापुरतीच कुटून फ्रिजमध्ये ठेवावी म्हणते. ती टिकते का, हे कुणी करून पाहिले असल्यास कृपया लिहावे.

कोयनाकाठ, कराड: टिकते. कांदा उन्हात कडकडीत वाळवून घ्या आणि बरणीत ओला चमचा घालू नका.