निपाणीजवळच्या तंबाखूच्या वखारीसाठी आयपी कॅमेरे आणि रेकॉर्डिंगची व्यवस्था : सल्ला हवा आहे

वखारवाला :

नमस्कार. निपाणीजवळच्या गावात आमचे राहते घर, पुढे अंगण आणि खळे, आणि खळ्याच्या पलीकडे तंबाखूची वखार आहे. तार ज्या वाटेने न्यावी लागेल त्या वाटेने घर ते वखार हे अंतर साधारण ७० मीटर भरते. चार अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांचा जुना संच आहे, परंतु मागच्या पावसाळ्यात वखारीतून काही बोद (तंबाखूचे गठ्ठे) चोरीला गेले तेव्हा रेकॉर्डरमधली डिस्क कधीच बंद पडली असल्याचे उघड झाले. टीव्हीवर थेट चित्र व्यवस्थित दिसत असल्यामुळे घरात कोणालाच शंका आली नव्हती.

आता एका दुकानदाराने ४ मेगापिक्सेलचे आठ आयपी (नेटवर्कच्या तारेवर चालणारे) कॅमेरे, सर्व २.८ मिमी लेन्सचे, एक एनव्हीआर पेटी (आयपी कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर), १ टीबी डिस्क आणि मोबाइल अ‍ॅप असा प्रस्ताव दिला आहे. माल भरल्यापासून विकला जाईपर्यंत किमान महिनाभराचे चित्रण हाताशी असावे आणि दारात आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. हा प्रस्ताव घ्यावा, की संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर वापरावे? मोबाइलवर पाहण्याची सोय हवी, पण ती एखाद्या परक्या सर्व्हरवरून नको.

उद्यमबागकर :

प्रस्तावातील डिस्कचा हिशेब आधी करून पाहा. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) वेगाने सतत नोंद करत असेल तर एका दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना दिवसाला ३४५ जीबी लागतील, म्हणजे १ टीबीची डिस्क तीन दिवसांतच जुने चित्रण पुसू लागेल. महिनाभर ठेवायचे असेल तर कॅमेरे कमी करून पाचवर आणा, एच.२६५ (चित्रण कमी जागेत बसवण्याची पद्धत) वापरून वेग ३ एमबीपीएसच्या आसपास ठेवा आणि ६ किंवा ८ टीबीची, सीसीटीव्हीसाठीच बनवलेली डिस्क घ्या. वेस्टर्न डिजिटलची पर्पल आणि सीगेटची स्कायहॉक या मालिका त्यासाठीच आहेत. अहोरात्र लिहिण्याच्या कामाला साध्या संगणकाची डिस्क लावू नये.

दुसरा मुद्दा लेन्सचा, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते. माणूस ओळखू येण्यासाठी चित्रात प्रत्येक मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल असावेत, असा २०१५ च्या युरोपीय मानकाचा दंडक आहे. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी बहुधा २५६० पिक्सेल असते, त्यामुळे दृश्याची रुंदी दहा मीटरच्या आत असेल तरच चेहरा कामाचा मिळतो. २.८ मिमीची लेन्स सुमारे १०० अंशांचा पट्टा पाहते, त्यामुळे हे दहा मीटर अवघ्या चार-साडेचार मीटरवर संपतात. त्यापुढे माणूस आला एवढे कळेल, कोण आला ते कळणार नाही. ६ मिमीची लेन्स सुमारे ५० अंश पाहते, आणि तिच्यात तोच चेहरा दहा-अकरा मीटरपर्यंत टिकतो. म्हणून खळ्यावर सर्वसाधारण नजर ठेवायला एक २.८ मिमीचा आणि वखारीच्या दारावर रोखलेला एक ६ मिमीचा कॅमेरा, हा जोड आठ सारख्या कॅमेऱ्यांपेक्षा उपयोगी पडेल. दारावरचा कॅमेरा छताजवळ न बसवता अडीच मीटरच्या आसपास बसवावा, नाहीतर चोराच्या टोपीचेच उत्तम चित्रण होईल.

वखारीच्या आतून दाराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला खरा डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात स्पष्ट दाखवण्याची सोय) हवा, कारण दुपारी दाराबाहेरचे ऊन आणि आतला अंधार एकाच चौकटीत येतात. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा घेतला तरी त्याला ऑनव्हिफ आणि आरटीएसपी (कोणत्याही कंपनीच्या रेकॉर्डरशी जुळण्याच्या सामाईक पद्धती) आहे याची खात्री करा, म्हणजे पुढे रेकॉर्डर बदलला तरी कॅमेरे वाया जात नाहीत. शिवाय एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत. जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, पेटीवरची बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी पाहूनच घ्या.

घाटाखालचा खानापूरकर :

वरील सर्व मान्य, पण आपल्या भागात कॅमेऱ्याचा खरा शत्रू वळीव आहे. एप्रिल-मे महिन्यांत विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार हीच विजेच्या झटक्याची वाट होते. ७० मीटर हे अंतर इथरनेटच्या (नेटवर्कच्या तांब्याच्या तारेच्या) १०० मीटरच्या मर्यादेत बसत असले तरी घर आणि वखार यांच्यामध्ये फायबर (काचेच्या धाग्याची तार) टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी) लावा. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही, त्यामुळे एका टोकाला फटका बसला तरी दुसरे टोक वाचते. वखारीत छोटा पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारी पेटी) आणि त्याला स्वतंत्र यूपीएस ठेवा. साध्या पीओई मानकात पोर्टवरून १५.४ वॅट मिळतात आणि रात्रीचे इन्फ्रारेड दिवे धरूनही स्थिर कॅमेऱ्याला बहुधा दहाच्या आतच लागतात, तरी स्विचची एकूण क्षमता कॅमेऱ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असल्याचे पाहावे.

तार पूर्ण तांब्याचीच कॅट-६ (नेटवर्कच्या तारेचा एक प्रकार) घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात सर्रास मिळते. तिचे टोक सोलून चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. कॅमेऱ्याच्या तारेचा जोड उघडा न ठेवता बंद डबीत घ्या, आणि तार डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. कोळ्यांचाही बंदोबस्त लागतो. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाने किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि त्याचे जाळे लेन्ससमोर पांढऱ्या पडद्यासारखे चमकते. वखारीत तंबाखूची धूळही भरपूर असणार, तेव्हा मऊ कापडाने काच पुसण्याचे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर लावून टाका.

वखारवाला :

मनापासून आभार. फायबरचा विचार आम्ही केलाच नव्हता. पाच कॅमेरे नक्की करतो : घराचे फाटक, खळे, वखारीचे दार बाहेरून, दार आतून, आणि मागची भिंत. आता पेटी की सॉफ्टवेअर, हा प्रश्न उरतो. घरी धाकट्या भावाला संगणकाची चांगली जाण आहे, पण तो वर्षातले काही महिने पुण्यात असतो. आमच्याकडचे इंटरनेट मोबाइल सिमवर चालते.

उद्यमबागकर :

भाऊ सहज हाताशी असेल तर सॉफ्टवेअर, नसेल तर पेटी, असे मी सरळ सांगेन. सॉफ्टवेअरमध्ये मी फ्रिगेट सुचवतो. ते मुक्त स्रोताचे आहे, लिनक्सवर डॉकरमध्ये (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यात चालवण्याची सोय) चालते आणि हलणाऱ्या वस्तूत माणूस, वाहन, जनावर असा भेद करते. त्यामुळे रात्रभर हलणाऱ्या झाडाच्या फांद्यांचे इशारे येत नाहीत. सेटिंग करताना कॅमेऱ्याचा लहान प्रवाह (कमी पिक्सेलचे चित्र) ओळखीसाठी आणि मोठा प्रवाह (पूर्ण पिक्सेलचे चित्र) नोंदीसाठी द्यावा. मोठ्या प्रवाहावर पुन्हा प्रक्रिया होत नसल्याने इंटेलचा एखादा छोटा मिनी पीसीही पाच कॅमेऱ्यांना पुरतो आणि इन्व्हर्टरवर भार येत नाही. झोनमाइंडर जुने आणि भक्कम आहे, पण मांडणी क्लिष्ट वाटते. विंडोजच हवे असेल तर ब्लू आयरिस विकत मिळते.

कॅमेऱ्यांचे जाळे घराच्या वायफायपासून वेगळे ठेवा आणि त्याला इंटरनेट देऊच नका. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडून बाहेरून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. सिमच्या इंटरनेटवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे तो मार्ग तसाही चालणार नाही. टेलस्केलसारखी खासगी वाट (आपल्याच उपकरणांना सुरक्षितपणे जोडणारे सॉफ्टवेअर) फोन आणि इंटरनेट असलेल्या मिनी पीसीवर बसवली की भावाला पुण्यातूनही सर्व दिसेल, आणि चित्रण परक्या सर्व्हरवर साठणार नाही.

कॅमेऱ्यांना इंटरनेट नसले की त्यांची घड्याळे हळूहळू चुकतात. मिनी पीसीलाच वेळेचा सर्व्हर करून सर्व कॅमेऱ्यांना त्याचा पत्ता द्यावा. आपल्या कर्नाटकात पोलीस ठाण्यातली तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते, पण चित्रावरची चुकीची वेळ कोणत्याही भाषेत चुकीचीच ठरते.

निवृत्त कारकून, चिकोडी :

पुराव्याविषयी थोडे लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळखक्रमांक) नमूद करावे लागते. म्हणून घटना घडल्यावर मोबाइलने टीव्हीचा पडदा टिपून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. मूळ फाइल बाहेर काढून घ्यावी, लगेच तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य लिहून ठेवावे आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नये. मागच्या भिंतीवरचा कॅमेरा शेजाऱ्याच्या परसात डोकावत असेल तर तेवढा भाग सेटिंगमध्येच झाकून टाकावा.

वखारवाला :

मागच्या भिंतीपलीकडे चुलत्यांचे परस आहे, तो भाग झाकतो. फ्रिगेट घ्यायचे ठरले, बसवण्याचे काम भाऊ दिवाळीच्या सुटीत करील. एक शंका राहिली : डिस्क पुन्हा गुपचूप बंद पडली तर आम्हाला कळणार कसे?

उद्यमबागकर :

डिस्कच्या प्रकृतीची सूचना फोनवर येईल अशी सोय भावाला करून घ्यायला सांगा, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. दर रविवारी पंधरा दिवसांपूर्वीच्या एखाद्या रात्रीचे, दोन-तीनच्या सुमाराचे, प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रण उघडून मिनिटभर चालवून पाहा. थेट चित्र पाहून रेकॉर्डिंगविषयी काहीही कळत नाही. नवा संच बसल्यावर जुना रेकॉर्डर टाकून देण्यापूर्वी त्याची डिस्क काढून ठेवा, कारण तिच्यात जे काही शिल्लक असेल ते तुमच्याच घराचे चित्रण आहे.