अर्नाळकरांची जुनी पुस्तकं सांगली-मिरजेत कुठं मिळतील? (बजेट ५०० रुपये)

विश्रामबागची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. शर्ट नको, घड्याळ नको, जेवणावळ तर अजिबात नको. परवा टीव्हीवर मालिका बघता बघता म्हणाले, "खुनी दहा मिनिटांत कळला, अर्नाळकरांनी शेवटपर्यंत झुलवलं असतं." मग तासभर त्यांच्या रहस्यकथांतले झुंजार, विजया आणि काळा पहाड. लहानपणी माधवनगरला ती पुस्तकं एका दिवसाच्या भाड्यानं मिळायची म्हणे. दुसऱ्या दिवशी परत केलं नाही तर दुप्पट भाडं, म्हणून रात्रीत संपवायची.
तर चार-पाच पुस्तकं हवी आहेत, जुनी चालतील. शिवाय लेखकाबद्दल मलाही थोडं कळू दे. ऑनलाइन नको, मागच्या वेळी भलतंच पार्सल आलं होतं.

कृष्णाकाठ
ताई, माझ्याकडं पत्र्याची ट्रंक भरून होते. घर गावभागात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी साडेसत्तावन फुटांवर गेलं. आम्ही टीव्ही वर नेला, गहू वर नेला, ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर सगळ्या पुस्तकांची मिळून एक वीट झालेली. माझा सल्ला एवढाच, काय घ्याल ते माळ्यावर ठेवा.

भडंग_स्पेशल
सरळ ई-रीडर घेऊन टाका. मी घेतलाय, दहा-बारा हजारांत मस्त मिळतो. हजार पुस्तकं खिशात.

विश्रामबागची_लेक
बजेट पाचशे आहे हो.

भडंग_स्पेशल
हप्त्यावर मिळतो.

मास्तर_निवृत्त
लेखकाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. बाबुराव अर्नाळकर हे टोपणनाव, खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्याचे दुकान चालवायचे आणि लिहायचे. हजाराच्या वर रहस्यकथा, गिनीज बुकात नोंद. १९९६ साली गेले. आमच्या पिढीला वाचायची चटक त्यांनी लावली, आणि पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव कधी आलं नाही. संमेलनवाल्यांनी तर...

मिरजेची_तार
मास्तर, संमेलनावर गेलात की धागा तिथंच राहतोय. कॅप्टन दीप पण अर्नाळकरांचाच ना? तो जबरदस्त होता.

मास्तर_निवृत्त
नाही. तो गुरुनाथ नाईकांचा. ते गोव्याचे. त्यांच्या कादंबऱ्या बाराशेच्या वर. अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू. धनंजय म्हणजे सरळ सरळ आपला मराठी होम्स.

मिरजेची_तार
मग बाराशे म्हणजे नाईकच मोठे की.

हळद_अडत
पोती मोजायलाय का इथं?

पुणेरी_सून_सांगलीत
हजार-बाराशे ठीक आहे, पण ती पुस्तकं केवढीशी! एका बैठकीत संपायची. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकादंबऱ्या ६६, पण एकेक घडवलेली. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं, म्हणून तिच्याकडं विषं इतकी नेमकी येतात. आणि १९२६ मध्ये ती स्वतःच अकरा दिवस बेपत्ता होती! गाडी एकीकडं सोडलेली, बाई हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावानं. आत्मचरित्रातही त्यावर अवाक्षर नाही. माझ्याकडं सगळा संच आहे, कातडी बांधणीचा. काकांना तो द्या, अभिरुची बदलेल.

विश्रामबागची_लेक
बाबांची अभिरुची पंचाहत्तराव्या वर्षी नाही बदलायची मला 🙏

रात्रपाळी_कुपवाड
सुहास शिरवळकर घ्या. त्यांचे नायक फिरोज इराणी, दारा बुलंद. अर्नाळकर आता जुने वाटतात. २००३ ला गेले शिरवळकर, साठीसुद्धा गाठली नाही. आमच्या कारखान्यात एक प्रत अकरा जणांनी वाचली, शेवटी सुतळीनं बांधली होती. ती माझ्याकडंच आहे, पण देणार नाही.

भिलार_फेरी
पाचगणीजवळ भिलारला जा. पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं ठेवलीत, आम्ही मे महिन्यात गेलो होतो, स्ट्रॉबेरी संपली होती तेवढं वाईट वाटलं.

हळद_अडत
अहो तिथं बसून वाचायचं असतंय, विकत नाही मिळत. आणि सांगलीहून जाऊन येण्यातच पाचशे संपले.
ताई, मी रद्दीतनं बरीच घेतलीत, कामाचं सांगतो. जुनं पॉकेट बुक हातात घेतलं की आधी शेवटची चार पानं बघायची. कव्हर फाटलं तर चालतंय, शेवट फाटला तर पुस्तकाचा उपयोग काय? मग कसर बघायची, पान वाजतंय का तुटतंय ते बघायचं. भाव आपण आधी बोलायचा नाही. "अर्नाळकर आहे का?" असं विचारलं की किंमत तिप्पट झालीच. "जुन्या गोष्टीची पुस्तकं दाखवा" म्हणायचं. निवडक पुस्तकं नव्यानंही छापली आहेत, ती दुकानात मागवता येतील. आधी नगर वाचनालयात विचारा, फुकटात काम होईल. आणि एक राहिलंच. वडिलांची नजर कशी आहे? जुन्या छपाईचा टाइप लई बारीक असतो.

विश्रामबागची_लेक
हे आधी लिहायला हवं होतं मी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. पेपरातले मथळे वाचतात फक्त.

भडंग_स्पेशल
म्हणून म्हणत होतो ई-रीडर. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं.

मास्तर_निवृत्त
नव्या छपाईचेच घ्या. टाइप बरा असतो.

पुणेरी_सून_सांगलीत
ख्रिस्ती ऐकायलाही मिळते.

(नऊ दिवसांनी)

विश्रामबागची_लेक
घेतलं. मिरजेत रद्दीच्या दुकानात. एकच पुस्तक, काळा पहाडचं, ३५० रुपये. कव्हर नाही, टाइप मुंगीएवढा, आणि हो, शेवटचं पान नाही. हळद_अडत यांचं सगळं लक्षात होतं, तरी घेतलं. आत पहिल्याच पानावर जांभळा शिक्का आहे, भाड्याच्या वाचनालयाचा. गावाचं नाव पुसलंय, पण "एक दिवस उशीर झाल्यास दुप्पट आकार" एवढं वाचता येतं. वाढदिवसापर्यंत धीर निघाला नाही, त्याच दिवशी हातात दिलं. बाबांनी भिंग घेऊन आधी शिक्का वाचला, मग "आजची तारीख घाल" म्हणाले. रोज रात्री मी वीस पानं वाचून दाखवते. मध्येच थांबवून खुनी कोण ते सांगतात. आतापर्यंत तिघांची नावं घेऊन झालीत.

हळद_अडत
साडेतीनशे?? शेवटच्या पानाशिवाय?? ताई, फसवलं की ओ तुम्हाला. साठाच्या वर एक रुपया द्यायचा नव्हता.

रात्रपाळी_कुपवाड
शिरवळकर साठात आले असते.

कृष्णाकाठ
पुस्तकाचं नाव टाका. माझ्या ट्रंकेत असणार ते. शेवट आठवतोय मला, खुनी तो

विश्रामबागची_लेक
दादा, थांबा! इथं लिहू नका. बाबा शेजारी बसलेत, धागा मोठ्यानं वाचतेय मी.