मदत हवी आहे: पोट्ट्यांच्या एआय होमवर्कचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात आठवीला इतिहास शिकवते. मागच्या आठवड्यात संयुक्त महाराष्ट्र चळवळीवर एक पान लिहून आणा म्हटलं, तर चाळीसपैकी निदान पंधरा जणांचं सुरुवातीचं वाक्य सेम टू सेम, आणि त्यातल्या सहा-सात जणांनी नागपूर करार १९६० चा लिहिला. अरे बावा, करार २८ सप्टेंबर १९५३ चा, १९६० ला तर राज्य झालं! विचारलं तर म्हणे मॅडम चॅटजीपीटीनं सांगितलं, पुस्तक कोणी उघडलंच नाही.

एआय पकडणारी एक वेबसाइट पण वापरून पाहिली, तिनं माझाच जुना हातानं लिहिलेला निबंध मशीनचा ठरवला, म्हणून आता तिच्या भरवशावर कोणाचे मार्क कापायची हिंमत होत नाही.

मोबाइल बंद करा म्हणणं सोपं आहे हो, पण घरी तर वापरूनच राहिले ना. म्हणून डोक्यात असं आहे की एआयचं उत्तर मीच प्रिंट काढून वर्गात द्यायचं आणि पोट्ट्यांनी पुस्तक घेऊन त्यातल्या चुका शोधायच्या. कोणी असं केलंय का? ३५ मिनिटांच्या तासात बसतं का, आणि मार्क कशाचे द्यायचे, चूक सापडली त्याचे की कशी शोधली त्याचे?

शिवाय काही जण अजून १३ चे पण नाहीत, अकाउंट कोणाच्या नावानं आहे देव जाणे. पालकसभेत हे कसं मांडलंत तेही सांगा, आमच्याकडे शनिवारीच आहे.