मदत हवी आहे: माझी सीएसएस फाइल शेवटी असूनही थीमचाच रंग लागतोय
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या काकांच्या चप्पल दुकानाची साइट करतोय. तयार थीमनंतर (साइटचं आयतं रूप) माझी सीएसएस फाइल (रंग-रूपाचे नियम असलेली) जोडली, तरी ‘ऑर्डर करा’ बटण निळंच! थीमच्या सिलेक्टरमध्ये (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) आयडी आहे, म्हणजे एकाच घटकाचं खास नाव; माझ्यात नुसते क्लास, म्हणजे अनेक घटकांना देता येणारी नावं. आयडीपुढे क्लास कितीही जोडले तरी हरतात. फाइलींचा क्रम बघितला जातो तो सिलेक्टरचं वजन सारखं असेल तरच. मग नियमांना इम्पॉर्टंट (साध्या नियमांवर मात करणारा शेरा) लावत सुटलो, तर मोबाइलवरचा मेनूच उघडेना. ते सगळे काढलेत.

आता थीम कॅस्केड लेयरमध्ये (नियमांचा वेगळा गट, गटांच्या क्रमावर कोण जिंकणार ते ठरतं) टाकावी म्हणतोय, म्हणजे लेयरबाहेरचे माझे साधे नियम जिंकतील. पण थीममध्येही बारा ठिकाणी इम्पॉर्टंट आहे, आणि तिथं लेयरचा क्रम उलटा होतो ना, म्हणजे आधीचा लेयर जिंकतो? ते बारा हातानं काढू, की थीमच्याही आधी माझा एक लेयर ठेवून त्यात इम्पॉर्टंट लिहू? दसऱ्याआधी साइट सुरू करायचीय.